थर्टीन म्हणालात की थर्टी?

पत्र : मी धायरीला राहते. वय ४१. शाळा भोर तालुक्यातल्या गावी, जिल्हा परिषदेची. बारावीपर्यंत सगळं मराठीतच. मुलगा नववीत गेल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर काम धरलं. काम आवडतं, पण इंग्रजी आकड्यांनी जीव मेटाकुटीला आणलाय. कुणी भराभर मोबाइल नंबर सांगितला की मधले दोन आकडे निसटतात. मागच्या आठवड्यात फोनवर एका डॉक्टरांना पेशंटची उपाशीपोटीची शुगर 'वन थर्टीन' सांगितली, त्यांनी 'वन थर्टी' लिहून घेतली. सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक लिहायचा तर अक्षरी रकमेसाठी मुलाला हाक मारावी लागते. तो इंग्रजी माध्यमात आहे. बरोबरची बावीस वर्षांची मुलगी मी अडखळले की हसते. स्पोकन इंग्लिशच्या एका क्लासमध्ये चौकशी केली, पंधरा हजार सांगितले. लावू का? की या वयात आता जमायचं नाही?
– व. शि., पुणे

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी त्या शुगरचं बघा. आकडा दुरुस्त झाला की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. झाला नसेल तर हे वाचणं बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करा. उपाशीपोटीची शुगर १२६ किंवा त्याच्या वर गेली की डॉक्टर मधुमेहाचा विचार करू लागतात. ११३ त्या रेषेच्या अलीकडे आहे आणि १३० पलीकडे. पेशंटला उगाच गोळ्या सुरू व्हायला नकोत.

आता क्लासचं. पंधरा हजार राहू द्यात. क्लास वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, पण तिथे आकड्यांच्या वाट्याला फार तर एखादा तास येईल आणि उरलेले तीन महिने 'माय हॉबी इज कुकिंग' म्हणण्यात जातील. तुमचं दुखणं नेमकं आहे, औषधही नेमकंच हवं.

इंग्रजीत शून्यापासून नव्याण्णवपर्यंत जायला शब्द लागतात किती? झिरोपासून नाइन्टीनपर्यंत वीस. मग ट्वेंटी, थर्टी करत नाइन्टीपर्यंत आठ. झाले अठ्ठावीस. वर हंड्रेड, थाउजंड, लाख आणि क्रोर हे चार घ्या. बत्तीस शब्दांत सगळा बाजार आटोपतो. मराठीत बघा काय चाललंय! त्रेसष्ट येतं म्हणून त्र्याहत्तर आपोआप येत नाही. बावन्न पाठ असलं तरी ब्याण्णव वेगळं घोकावं लागतं. शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा स्वतःचं नाव घेऊन बसलेला, आणि तो सगळा कारभार तुम्ही परकर-पोलक्यात असताना तोंडपाठ केलात. ते ज्या डोक्यात मावलं, त्या डोक्याला बत्तीस शब्द जड नाहीत. वयाचा प्रश्न मी तरी इथेच निकालात काढते.

मग अडतं कुठे? मला वाटतं, तुम्ही प्रत्येक आकडा आधी मराठीत आणता आणि मग कागदावर उतरवता. समोरचा म्हणतो 'सिक्स्टी-सेव्हन'. तुमच्या मनात उमटतं सदुसष्ट. सदुसष्टमध्ये सात आधी येतात आणि साठ मागून, पण लिहिताना सहा आधी काढायचा असतो. म्हणजे सरळ आलेला आकडा तुम्ही एकदा उलटा केलात आणि लिहिण्यासाठी पुन्हा सुलटा केलात. तेवढ्यात समोरचा पुढच्या दोन आकड्यांवर पोचलेला असतो, आणि 'मधले दोन निसटतात' ते इथे. खरं तर ट्वेंटीच्या पुढे इंग्रजीत ज्या क्रमाने ऐकायचं त्याच क्रमाने लिहायचं असतं. 'सिक्स्टी' कानावर पडताच पेनाने सहा काढून मोकळं व्हावं, पुढचं कळायची वाट बघायला नको. मराठीत ही सोय नाही. 'सदु...' एवढ्यावर कुणालाही काही लिहिता येणार नाही.

एकोणवाल्या आकड्यांत तर दुहेरी फसगत. एकोणसाठ म्हणताना तोंडात साठ असतात, म्हणून घाईत 'सिक्स्टी-नाइन' निघून जातं आणि हिशोबात दहा रुपये वाढतात. एकोणऐंशी, एकोणनव्वद यांचंही तेच.

हा उलटा क्रम काही तुम्हालाच छळतो असं नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आणली होती, ते आठवत असेल. सेनापती बापट रस्त्यावरच्या त्या कचेरीतून निघालेलं पुस्तक थेट विधानसभेत पोचलं आणि आपल्याकडे कट्ट्याकट्ट्यावर विनोदांना ऊत आला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं : जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलं आकड्यांना बिचकतात. 'सत्तर दोन' माझ्या कानाला तेव्हाही रुचलं नव्हतं, आजही रुचत नाही. पण रोग त्यांनी बरोबर ओळखला होता, आणि तुमचं पत्र वाचताना मला तेच आठवलं.

म्हणजे तुम्हाला शिकायचंय ते एवढंच : इंग्रजी आकडा कानातून थेट हातात उतरला पाहिजे, मध्ये मराठी शब्द नको. यासाठी पुस्तक नको आणि ॲपही नको. तुमच्या सोसायटीत गणपतीत हाऊजी होत असेलच. तीच घरी खेळा. हसू नका, यापेक्षा चांगला व्यायाम मला माहीत नाही. हाऊजीत नव्वदपर्यंतचे आकडे असतात आणि तिकिटावर ते दहा-दहांच्या उभ्या रांगांत बसवलेले असतात. 'सिक्स्टी' ऐकलं की डोळा आपसूक सातव्या रांगेकडे जातो आणि 'सेव्हन' येईपर्यंत बोट जागेवर तयार असतं. सदुसष्ट म्हणायला फुरसतच मिळत नाही. शिवाय पुकारणारा आधी सुटे आकडे म्हणतो, मग जोडून : 'सिक्स अँड सेव्हन, सिक्स्टी-सेव्हन.' मुलाला पुकारायला बसवा. सुरुवातीला सुटे आणि जोडून दोन्ही, आठवड्याभराने नुसतं जोडून, आणि मग त्याला वेग वाढवायला सांगा. नववीतल्या मुलाला आईला घाईला आणायची संधी मिळाली तर तो नाही म्हणणार नाही.

ट्वेंटीच्या पुढे सगळं सरळ असलं तरी थर्टीन ते नाइन्टीन हे सात आकडे इंग्रजीतही मराठीसारखेच उलटे आहेत, एकक आधी आणि दहा मागून. सगळी भांडणं याच सातांवरून होतात. थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फोर्टी, फिफ्टीन-फिफ्टी अशा सात जोड्या. आपण मराठी माणसं दोन्ही एकाच जोराने म्हणतो, कारण आपल्या बोलण्यात शब्दाच्या अमुक भागावर जोर द्यायची सक्तीच नाही. इंग्रजीत थर्टीनचा जोर शेवटावर आणि थर्टीचा सुरुवातीवर. बोलताना 'थर्टीऽऽन' असं शेवट लांबवून 'न' ठणठणीत म्हणा. 'थर्टी' मात्र सुरुवातीला दाबून पटकन सोडून द्या. याने बराच फरक पडेल, पण फोनवर यावर विसंबू नका. फोनमध्ये तो 'न' हमखास गिळला जातो, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनाही या जोड्या ऐकताना चकवतात.

म्हणून काउंटरवर एक शिस्त लावून घ्या. शुगर सांगायची तर 'वन थर्टीन' म्हणून थांबू नका, लगेच 'वन, वन, थ्री' असं सुटं म्हणा. आणि ऐकणाऱ्याला ते परत म्हणायला सांगा : 'सर, एकदा वाचून दाखवता का?' यात लाजण्यासारखं काही नाही. फोनवर सांगितलेला रिपोर्ट ऐकणाऱ्याने लिहून घेऊन परत वाचून दाखवायचा, ही लॅबच्या धंद्यात जगभर मानलेली रीत आहे. त्या दिवशी डॉक्टरांनीही ती पाळली असती तर घोळ तिथल्या तिथे मिटला असता, तेव्हा सगळं खापर स्वतःवर फोडून घेऊ नका. विमानाच्या रेडिओवर तर आकडे सुटेच बोलतात आणि वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवायची असते. तिथे नाइनला 'नाइनर' म्हणायचा नियम आहे, नाइन आणि फाइव्ह ऐकण्यात गल्लत होऊ नये म्हणून. लोहगावला विमान उतरवणारी माणसं एवढी काळजी घेतात, तर तुम्ही 'वन वन थ्री' म्हटल्याने कुणी तुम्हाला कमी लेखणार नाही.

तारखांनाही हेच लागू. 'थर्टीन्थ' आणि 'थर्टिएथ' यांत गोंधळ नको म्हणून तारखेबरोबर वार सांगत जा. वार चुकला की माणूस स्वतःच विचारतो.

मोबाइल नंबरचं तंत्र थोडं वेगळं. दहा आकडे एका दमात ऐकायचे नाहीत. नंबर सांगायच्या आधीच म्हणा, 'पाच-पाच करून सांगा.' 'डबल एट' ऐकलं की दोन आठ लिहून मोकळं व्हायचं, 'ट्रिपल' म्हटलं की तीन. काही जण झिरोला 'ओ' म्हणतात. नंबरात ओ आला तर ते शून्यच समजायचं. आणि अडलात तर 'रिपीट प्लीज' म्हणू नका, कारण मग तो माणूस पुन्हा पहिल्यापासून, त्याच वेगाने सुरू होतो आणि तुम्ही त्याच जागी पुन्हा अडता. जेवढं मिळालं तेवढं मोठ्याने वाचा : 'नाइन, एट, टू, टू... पुढे?' तो तिथूनच उचलेल. लिहून झालं की लॅबच्या फोनवरून लगेच मिस्ड कॉल द्या. समोर उभ्या माणसाच्या खिशात रिंग वाजली की विषय संपला.

पिनकोडची फार धास्ती नको. पुणे शहरातले बहुतेक पिनकोड ४११नेच सुरू होतात, तेव्हा कान द्यायचा तो शेवटच्या तिघांना. कोथरूडचा ४११०३८ कुणी 'फोर डबल वन, झिरो थ्री एट' म्हटला तर तुमच्या वाट्याला 'झिरो थ्री एट' एवढंच येतं.

सरावाला जागा हवी असेल तर सिंहगड रस्त्यासारखी दुसरी नाही. उड्डाणपूल झाला तरी सिग्नलला थांबणं काही चुकलेलं नाही. पुढच्या गाडीची पाटी वाचा. 'एमएच बारा' आपण मराठीतच म्हणतो आणि तसंच म्हणत राहू, पण शेवटचे चार आकडे मनात इंग्रजीत तीन तऱ्हांनी म्हणायचे. ४७१६ असेल तर आधी 'फोर, सेव्हन, वन, सिक्स'. मग 'फोर्टी-सेव्हन, सिक्स्टीन'. मग 'फोर थाउजंड सेव्हन हंड्रेड सिक्स्टीन'. लोक नंबर या तिन्ही प्रकारांनी सांगतात. बरं, ऐकायचा सराव फुकट हवा असेल तर पुणे स्टेशन आहे. मुंबईला जाणारी डेक्कन क्वीन १२१२४. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत नंबर पुकारला जातो, आणि तोही सुटा, म्हणजे 'वन टू वन टू फोर'. कुणाला सोडायला गेलात तर डोळे मिटून ऐका.

आपल्या बोलण्यातल्या सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच यांचं काय करायचं, ते तुम्ही विचारलेलं नाही, पण काउंटरवर तुमची खरी दमछाक तिथेच होत असणार. लिपिड प्रोफाइलचे साडेसातशे, असं तुम्ही मनात धरता आणि तोंडाने इंग्रजीत सांगायची वेळ येते. या शब्दांना इंग्रजीत जोडीदार शोधत बसू नका. रक्कम कागदावर कशी दिसते तेवढं वाचा. सव्वाशे म्हणजे वन ट्वेंटी-फाइव्ह, दीडशे म्हणजे वन फिफ्टी, पावणेदोनशे म्हणजे वन सेव्हन्टी-फाइव्ह, अडीचशे म्हणजे टू फिफ्टी, साडेसातशे म्हणजे सेव्हन फिफ्टी. पावणेतीनची वेळ द्यायची तर 'टू फोर्टी-फाइव्ह' म्हणा. 'क्वार्टर टू थ्री'च्या नादाला लागू नका, त्यात 'टू' ऐकून माणूस दोनच्या सुमाराला येऊन बसतो. रकमेच्या बाबतीत एवढंच जपा की 'ट्वेल्व्ह फिफ्टी' म्हणजे बाराशे पन्नास की साडेबारा रुपये, हे प्रसंगावरून कळतं, शब्दांवरून नाही. शंका असेल तिथे 'वन थाउजंड टू हंड्रेड फिफ्टी' असं पूर्ण म्हणा. आणि हंड्रेडला मागे 'स' लावायचा नाही. 'फाइव्ह हंड्रेड रुपीज', बस्स.

रिपोर्टमध्ये दशांश असतात, तिथे पॉइंटच्या पुढचे आकडे सुटे म्हणायचे. ४.२५ म्हणजे 'फोर पॉइंट टू फाइव्ह'. 'फोर पॉइंट ट्वेंटी-फाइव्ह' म्हटलं की ऐकणाऱ्याला ते ४.५ पेक्षा मोठं वाटू शकतं, आणि थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये असला संशय नको.

लिहिण्यात एक खबरदारी घ्या, विशेषतः ज्यांचा हात शाळेपासून मराठी आकड्यांवर बसलाय त्यांनी. घाईत काढलेला मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी पाच इंग्रजी चारसारखा. एका रजिस्टरमध्ये एकच लिपी ठेवा, मग ती कुठलीही असो. आणि ज्यांना आपण 'इंग्रजी आकडे' म्हणतो त्यांना आपली राज्यघटना ३४३ व्या कलमात 'भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप' म्हणते. ती चिन्हं इथूनच अरबांमार्फत युरोपात गेली. उगाच परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटून घेऊ नका.

चेकचं दुखणं त्या मानाने हलकं. पहिली गोष्ट, चेक मराठीत लिहिलेला चालतो. इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाची भाषा, यांपैकी कशातही ग्राहकाने चेक लिहावा, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे. काउंटरवरच्या एखाद्याच्या कपाळाला आठी पडेल, पडू द्या. तरी इंग्रजीत लिहायला यावं असं तुम्हाला वाटतं, आणि ते रास्तच आहे. मेंटेनन्सची रक्कम महिनोन्महिने तीच असते. ती मुलाकडून एकदा कार्डावर लिहून घ्या आणि चेकबुकात ठेवा. उरलेल्या रकमांसाठी स्पेलिंगच्या मोजक्याच खोड्या लक्षात ठेवायच्या. फोर आणि फोर्टीनमध्ये यू आहे, फोर्टीमध्ये नाही. ही चूक शिकलेसवरलेलेही सर्रास करतात. फाइव्हमध्ये व्ही, पण फिफ्टीन आणि फिफ्टीमध्ये एफ. नाइन्टीमध्ये नाइनचा ई टिकून राहतो. एटीन आणि एटीमध्ये टी एकदाच. ट्वेंटी-वनपासून नाइन्टी-नाइनपर्यंतच्या जोड-आकड्यांत मध्ये छोटी आडवी रेघ. लाखचं स्पेलिंग कुणी शेवटी सी लावून करतं, कुणी के-एच लावून. तुम्ही के-एच लावा, रिझर्व्ह बँकही तसंच लिहिते. रकमेच्या शेवटी 'ओन्ली' आणि पुढे उरलेल्या जागेवर रेघ.

अक्षरी रकमेची एवढी काळजी का, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या १८ व्या कलमाप्रमाणे अंकी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी रक्कम खरी धरतात. प्रत्यक्षात बँक असा चेक बहुधा परतच पाठवते. खाडाखोड केलेल्या चेकचंही तेच होतं, म्हणून चुकलं की गिरवत बसू नका. तो चेक फाडा आणि दुसरा घ्या. नोटेवरही नमुना आहेच : पाचशेच्या नोटेवर समोर इंग्रजीत 'फाइव्ह हंड्रेड रुपीज' छापलंय, आणि मागच्या पंधरा भाषांच्या पट्टीत वरून आठवी ओळ मराठीची. स्पेलिंग अडलं तर पर्स उघडा.

मिलियन-बिलियन सध्या सोडून द्या. लॅबमध्ये मिलियन लागलंच तर रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आकड्यात लागेल; प्लेटलेट्सचा आकडा तर आपल्याकडे लाखातच बोलतात.

मुलाकडून शिकताना नुसतं घेऊ नका, द्याही. त्याला विचारा, एकोणसाठ म्हणजे किती. पुण्यातली इंग्रजी माध्यमातली पोरं यावर 'फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन?' असं विचारून आपल्याच तोंडाकडे बघतात. रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं बसा. तो इंग्रजीत आकडा म्हणेल, तुम्ही लिहा; तुम्ही मराठीत म्हणा, तो लिहील. दोघांनीही फक्त अंक लिहायचे, शब्द नाही. जो जास्त चुकेल त्याने दुसऱ्या दिवशी भांडी लावायची.

राहिली ती हसणारी मुलगी. तिच्यावर फार रागावू नका. तुमच्याकडे येणारी जुनी मंडळी 'दोनशे एकोणऐंशी झाले ना?' असं विचारत असतील तेव्हा ती काय करते, तेवढं बघून ठेवा. माझा अंदाज आहे की ती कॅल्क्युलेटर पुढे करते. तिच्याशी सरळ वाटणी करा : मराठीत हिशोब विचारणारे पेशंट, ती अडली की, तिने तुमच्याकडे पाठवावेत, आणि इंग्रजीत नंबर सांगणारे फोन निदान पंधरा दिवस तुम्हीच उचलायचे, तिने शेजारी बसून फक्त ताडून बघायचं. फोन तिच्याकडे सोपवून तुमचा कान तयार होणार नाही. मालकांना सांगून फोनशेजारी एक कागद मात्र चिकटवून घ्या : रिपोर्टचा आकडा सुटा सांगायचा, परत म्हणवून घ्यायचा, कुणी ऐकला त्याचं नाव आणि वेळ लिहायची. तो तिलाही लागू राहील.